लेबल-फ्री डिटेक्शनचा बाजार वाढणार म्हणतात, पण नक्की कुठे?

स्थिरांक

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज जरा निवांत आहे म्हणून लिहून टाकतो. औषधशोधात लेबल-फ्री तंत्रांचा बाजार किती वाढणार यावर सारखे रिपोर्ट येत असतात, मी त्यांचे सारांश वाचतो आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडतो, दोन रिपोर्टचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कारण साधं आहे. एकजण त्यात फक्त एसपीआर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स) आणि बीएलआय (बायोलेयर इंटरफेरोमेट्री) ही चिकटणं मोजणारी प्रकाशाची तंत्रं धरतो, दुसरा उष्णता मोजणारा कॅलरीमीटर पण धरतो, तिसरा पेशींचं इम्पिडन्स (विद्युतरोध) घालतो, आणि मास स्पेक (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) घेतलं की बेरीज कुठल्या कुठे जाते. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून, रोज या यंत्रांपुढे बसणारा माणूस म्हणून मला काय दिसतं ते मांडतो.

ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादा रेणू प्रोटीनला चिकटतो का हे बघायची नेहमीची रीत म्हणजे दोघांपैकी एकाला चमकणारा रंग, किरणोत्सर्गी अणू नाहीतर एखादं एन्झाइम जोडायचं आणि त्या खुणेचा सिग्नल मोजायचा. ती खूण म्हणजे लेबल. लेबल-फ्रीमध्ये खूणच नाही, रेणू जसा आहे तसाच वापरायचा. एसपीआरचं घ्या, काचेवर सोन्याचा जेमतेम ५० नॅनोमीटरचा थर असतो, त्याच्यावर प्रोटीन बांधून ठेवतात आणि वरून बफरमधून (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून) औषधाचा रेणू वाहता सोडतात. खालून प्रकाश टाकला की एका ठराविक कोनात परत येणारा प्रकाश एकदम मंदावतो, आणि वरच्या थराला काही चिकटलं की तो कोन सरकतो. हे सरकणं सेकंदासेकंदाला मोजलं की वक्र मिळतो. चढण म्हणजे चिकटणं, बफर परत सुरू केला की उतार म्हणजे सुटणं. त्याला सेन्सरग्राम म्हणतात आणि आमचं सगळं आयुष्य त्या चढउतारावर चालतं.

१९८३ मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंगला लिडबर्ग, निलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी हे बायोसेन्सिंगसाठी करून दाखवलं आणि १९९० मध्ये बियाकोअरचं पहिलं एसपीआर यंत्र बाजारात आलं. म्हणजे पस्तीस वर्षं विकली जाणारी गोष्ट आहे ही. ‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ असं कुठे वाचलं की मला म्हणूनच खटकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लेबल-फ्री सगळ्या स्क्रीनिंगचा (हजारो रेणूंतून कामाचे निवडण्याचा) ताबा घेणार असं पंधरा-वीस वर्षांपूर्वी जोरात सांगितलं जायचं, ते झालं नाही आणि माझ्या मते होणार पण नाही. वाढ होईल ती जिथे कोणाला तरी एका वक्राच्या भरवशावर पुढे जायचं की इथेच थांबायचं हे ठरवावं लागतं तिथे. अशा जागा वाढतायत म्हणून बाजार वाढेल. तुमचं काय मत?

ताळेबंद

उत्तम धागा. मी प्रयोगशाळेतला नाही, या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणं हे माझं काम, त्यामुळे एक बाळबोध प्रश्न विचारतो. फ्लुओरेसन्सची (चमकणाऱ्या रंगाची) प्लेट स्वस्त पडते, एका दिवसात लाखभर कंपाउंड तपासून होतात असं ऐकलंय, एसपीआर त्या मानाने सावकाश आणि चिप (ती सोन्याच्या थराची काच) महाग. मग कोणी जास्तीचे पैसे का मोजावेत? ‘जास्त अचूक’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही कारण प्रत्येक विक्रेता तेच म्हणतो.

स्थिरांक

@ताळेबंद, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, सगळा बाजार याच प्रश्नावर उभा आहे. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे सर्ट१ ची गोष्ट.

२००३ मध्ये असं प्रसिद्ध झालं की रेस्व्हेराट्रॉल हा द्राक्षात सापडणारा पदार्थ सर्ट१ नावाच्या एन्झाइमला चेतवतो, आणि हे एन्झाइम वार्धक्याशी जोडलेलं, त्यामुळे जगभर खळबळ. ज्या चाचणीत हे दिसलं तिच्यात पेप्टाइडला (प्रोटीनच्या छोट्या तुकड्याला) एक फ्लुओरेसंट रंग जोडलेला होता. २००५ मध्येच दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तो रंग काढला की चेतवणं पण नाहीसं होतं. तरीही गाडी पुढे गेली, २००८ मध्ये जीएसके या औषध कंपनीने अशाच रेणूंवर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी सुमारे ७२ कोटी डॉलरना घेतली. मग २०१० मध्ये फायझरच्या संशोधकांनी तेच रेणू एसपीआर, एनएमआर (अणूंचा चुंबकीय प्रतिसाद) आणि आयटीसी (चिकटतानाची उष्णता) अशा तिन्ही लेबल-फ्री मार्गांनी तपासले आणि सांगितलं की हे रेणू रंग लावलेल्या पेप्टाइडशीच गुंततात, नैसर्गिक पेप्टाइड घेतलं तर एन्झाइम चेतवलं जात नाही. २०१३ मध्ये सर्ट्रिसचं वेगळं ऑफिस बंद झालं.

प्रामाणिकपणे पुढचं पण सांगायला हवं. त्याच २०१३ मध्ये मूळ शोधातल्याच सिंक्लेअर यांच्या गटाने दाखवलं की काही नैसर्गिक पेप्टाइडच्या बाबतीत, जिथे ठराविक जागी मोठं जलविरोधी अमिनो आम्ल आहे तिथे, चेतवणं खरं असतं. म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे, ७२ कोटींच्या निर्णयाच्या आधी कोणी दोन आठवडे एका चिपवर घालवले असते तर निदान कुठला प्रश्न विचारायचा ते तरी स्पष्ट झालं असतं. लोक जास्तीचे पैसे यासाठी मोजतात.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांचं दुखणं नाही. माझ्या आधीच्या नोकरीत एका प्रकल्पात फ्लुओरेसन्स पोलरायझेशनच्या स्क्रीनमधून सुरेख हिट्स (चिकटतात असं दिसणारे रेणू) आले होते, वक्र देखणे, आकडे देखणे, केमिस्ट मंडळी कामाला लागली. दोन महिन्यांनी कोणीतरी त्या कुप्या एका रांगेत ठेवल्या आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की जवळपास प्रत्येक द्रावण पिवळं आहे. रेणू प्रोटीनला चिकटत नव्हते, प्रकाश खात होते. एसपीआरवर घातले, रेषा सपाट. त्या दोन महिन्यांत ज्या मुलीने ते रेणू बनवले तिचा चेहरा मला अजून आठवतो.

मंद_विघटन

स्थिरांक यांच्याशी सहमत, फक्त एक गोष्ट जोडतो. चिकटतं की नाही याच्याइतकंच किती वेळ चिकटून राहतं हे महत्त्वाचं आहे आणि ते वाचायला एसपीआरसारखी दुसरी सोय नाही. कोपलँड, पॉम्प्लियानो आणि मीक यांनी २००६ मध्ये रेसिडन्स टाइमची कल्पना मांडली तेव्हापासून हा विषय जोरात आहे. लॅपॅटिनिब हे कॅन्सरचं औषध बघा, ईजीएफआर या प्रोटीनवरून अर्धे रेणू सुटायला सुमारे ३०० मिनिटं लागतात, गेफिटिनिब या तसल्याच औषधाला दहा मिनिटं पण नाहीत. केडीचा (किती घट्ट चिकटतं याच्या मापाचा, जितका लहान तितकं घट्ट) आकडा म्हणजे सुटण्याचा वेग भागिले चिकटण्याचा वेग, त्यामुळे दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या रेणूंचा केडी सारखाच येऊ शकतो. नुसता केडी बघून निवडलं तर कुठला निवडला ते कळतच नाही.

पण मंडळी, लेबल-फ्री म्हणजे खोटं बोलत नाही असं कृपया कोणी समजू नका. एसपीआर वस्तुमान मोजतं असं आपण म्हणतो, खरं तर ते अपवर्तनांक मोजतं, आणि अपवर्तनांक कशानेही बदलतो. एक हिशोब देतो. ४० हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) प्रोटीन चिपवर ४००० आरयू (एसपीआरच्या सिग्नलचं एकक) इतकं बांधलं आणि वरून २०० डाल्टनचा फ्रॅगमेंट (अगदी लहान रेणू) सोडला, तर सगळ्या जागा भरल्या तरी जास्तीत जास्त २० आरयू मिळणार. आणि डीएमएसओ, म्हणजे रेणू विरघळवायचा द्रव? बफर आणि नमुना यात ०.१ टक्क्याचा फरक पडला की शंभरावर आरयू उडतात. म्हणजे तुम्ही वीस रुपयांची चोरी शोधताय आणि गल्ला मोजतानाच शंभराची चूक होतेय. सॉल्व्हंट करेक्शन (डीएमएसओचा फरक वजा करणं), रेफरन्स सरफेस (प्रोटीन नसलेला पृष्ठभाग), कोरी इंजेक्शनं (नुसत्या बफरची) हे सगळं नीट केलं नाही तर फ्रॅगमेंट स्क्रीनचा आकडा छापू सुद्धा नये.

ताळेबंद

दोघांनाही धन्यवाद, आता कळलं. आता माझ्या बाजूचं थोडं.

हा बाजार किती मोजक्या हातात आहे हे समजून घ्यायला २०२० चा व्यवहार बघावा. बियाकोअर २००६ मध्ये जीईने सुमारे ३९ कोटी डॉलरना घेतलं होतं. २०१९ मध्ये डॅनहरने जीईचा सगळा बायोफार्मा व्यवसाय २१.४ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, तोच आज सायटिव्हा. पण डॅनहरकडे पॉल या कंपनीमार्फत फोर्टेबायो म्हणजे ऑक्टेट ही बीएलआय यंत्रं आधीपासून होती. म्हणजे एसपीआरमधलं सगळ्यात मोठं नाव आणि बीएलआयमधलं सगळ्यात मोठं नाव एकाच घरात. अमेरिकेच्या एफटीसीने (स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या नियामकाने) हे चालू दिलं नाही. दहा उत्पादनं विकायला लावली आणि त्यात लेबल-फ्री यंत्रांचं नाव स्वतंत्रपणे होतं. ती सारटोरियसने घेतली, सगळा गठ्ठा मिळून ७५ कोटी डॉलर.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. नियामकाने या यंत्रांना स्वतःचा बाजार मानलं, आणि त्यात स्पर्धा टिकावी म्हणून व्यवहाराला विक्रीची अट घातली. दुसरं म्हणजे हे व्यवसाय विकत घेणारे लोक यंत्रासाठी घेत नाहीत, त्याच्यामागे दर महिन्याला येणाऱ्या चिप्स, टिप्स आणि सर्व्हिस करारासाठी घेतात. मी विश्लेषण करताना यंत्रं किती विकली याच्यापेक्षा एका यंत्रामागे वर्षाला किती चिप्स जातात ते शोधतो. तुम्ही वापरणारे लोक यावर काही सांगू शकाल का?

स्थिरांक

@ताळेबंद, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. माझ्या अनुभवात एकच यंत्र दोन ठिकाणी पूर्ण वेगळं जगतं. विद्यापीठाच्या सामाईक लॅबमध्ये ते आठवड्यातून दोन दिवस चालतं, एक चिप पोरं धुऊन धुऊन महिनाभर पुरवतात. अँटिबॉडीवर काम करणाऱ्या कंपनीत तेच यंत्र रात्रंदिवस चालतं आणि चिप्स खोक्याने येतात. विक्रीच्या आकड्यात दोन्ही ‘एक यंत्र’. त्यामुळे खपाचा आकडाच खरं सांगतो.

बीएलआयचं गणित अजून सोपं आहे. प्रकाशतंतूच्या टोकाला प्रोटीन लावायचं आणि प्लेटच्या खळग्यात बुडवायचं, बस्स. पाइपा नाहीत, हवेचे बुडबुडे अडकणं नाही, पेशींचा गाळ असलेला कच्चा नमुना पण चालतो. संवेदनशीलता एसपीआरपेक्षा कमी, फ्रॅगमेंटसाठी मी वापरणार नाही, पण पन्नास क्लोन्सपैकी (पेशींच्या वाणांपैकी) कुठले प्रोटीन बनवतायत हे दुपारपर्यंत हवं असेल तर त्याला तोड नाही. आणि प्रत्येक वेळी नवी टिप.

जुन्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर नवे लोक पण आले. ब्रुकरने २०१८ मध्ये सिएरा सेन्सर्स घेतलं, क्रिओप्टिक्सचं ग्रेटिंग-कपल्ड इंटरफेरोमेट्री हे प्रकाशाचं आणखी एक तंत्र २०२२ मध्ये माल्व्हर्न पॅनालिटिकलकडे गेलं, निकोयाने टेबलावर मावणारी लहान यंत्रं आणली. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कार्टेराचं. एका चिपवर ३८४ अँटिबॉडी ओळीने छापायच्या आणि सगळ्यांवरून एकाच वेळी अँटिजेन (ज्याला त्या चिकटायला हव्यात ते) सोडायचं. २०२० मध्ये अ‍ॅबसेलेरा आणि लिली या कंपन्यांनी बॅमलॅनिव्हिमॅब ही कोविडवरची अँटिबॉडी निवडली त्यात हेच यंत्र होतं. जूनमध्ये पहिला रुग्ण, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत तातडीची परवानगी. पुढे व्हेरियंट बदलल्यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये एकटी वापरायची परवानगी काढून घेतली गेली, ते वेगळं, पण निवडीचा वेग सगळ्यांनी बघितला. त्याच महामारीत सुरुवातीलाच एसपीआरने दाखवलं होतं की नव्या विषाणूचा स्पाइक एसीई२ या आपल्या पेशींवरच्या प्रोटीनला जुन्या सार्सपेक्षा १० ते २० पट घट्ट धरतो, केडी साधारण १५ नॅनोमोलर. ज्यांनी कधी केडी हा शब्द ऐकला नव्हता असे लोक तेव्हा केडीबद्दल विचारायला लागले.

पेशीवाली

सगळे बाइंडिंगबद्दलच (रेणू चिकटण्याबद्दलच) बोलताय म्हणून मी येते. मी पेशींवर काम करते आणि या क्षेत्राची मोठी निराशा आमच्याच बाजूला झाली आहे, ती नोंदवली पाहिजे.

२००६ च्या सुमारास कॉर्निंगचं एपिक हे यंत्र आलं. ३८४ खळग्यांची प्लेट, प्रत्येकाच्या तळाशी प्रकाशाची जाळी, पेशीला औषध दिलं की पेशीच्या आतला माल तळाजवळ हलतो आणि तो सिग्नल मिळतो. कल्पना इतकी सुंदर होती की जीपीसीआरचं (पेशीवरच्या, बाहेरचे सिग्नल घेणाऱ्या रिसेप्टरचं) काम करणारे आम्ही सगळे भारावून गेलो, एकाच चाचणीत कुठला पण सिग्नल मार्ग दिसेल, रंग नको, रिपोर्टर जीन नको. आणि अडचण पण तिथेच होती, सगळं दिसायचं पण काय दिसतंय ते सांगता यायचं नाही. वक्र वर गेला, बरं, मग? कुठला मार्ग? ते शोधायला परत लेबलवाल्याच चाचण्या कराव्या लागायच्या. तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी रेषा हलायची. मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं त्यात घालवली आणि ते काम सोडताना खूप वाईट वाटलं, कारण पेशीला हात न लावता ऐकणं ही गोष्ट मला अजून पण मनापासून पटते.

इम्पिडन्सचं मात्र वेगळं झालं. प्लेटच्या तळाला सोन्याचे इलेक्ट्रोड, पेशी चिकटून पसरल्या की विद्युतरोध वाढतो, मेल्या की पडतो. प्रश्न साधा म्हणून उत्तर पण साधं. एक्ससेलिजन्स बनवणारी एसीईए २०१८ मध्ये अ‍ॅजिलेंटने २५ कोटी डॉलरना घेतली आणि माझ्या मते त्यामागे मोठं कारण कार-टी (कॅन्सर मारायला बदललेल्या टी पेशी) होतं. तळाशी कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, वरून टी पेशी टाकायच्या आणि दोन-तीन दिवस दर पंधरा मिनिटांनी बघायचं, कधी मारायला सुरुवात केली, किती वेगाने मारलं, दमल्या का. क्रोमियमच्या किरणोत्सर्गी चाचणीत चार तासांनी एकच आकडा मिळायचा. इथे सगळी लढाई डोळ्यासमोर.

आणि हा भाग वाढणार असं मी ठामपणे म्हणते. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये एफडीए मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट २.० आला आणि प्राण्यांवरच्या चाचणीची कायद्यातली सक्ती गेली, २०२५ च्या एप्रिलमध्ये एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून सुरुवात करून प्राण्यांच्या चाचण्या कमी करण्याचा आराखडा दिला. मानवी पेशींवर दिवसचे दिवस नजर ठेवायची असेल तर लेबल परवडत नाही, रंग पेशीला त्रास देतोच.

मंद_विघटन

@पेशीवाली ताई, ‘सगळं दिसायचं पण काय दिसतंय ते सांगता यायचं नाही’ हे वाक्य मी लिहून ठेवतोय. यापेक्षा नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

वस्तुमान

मास स्पेकवाल्यांना विसरू नका राव. स्थिरांक म्हणतात लेबल-फ्री प्राथमिक स्क्रीनिंगचा ताबा घेणार नाही, हे एसपीआरपुरतं खरं असेल, आमच्याकडे चित्र वेगळं आहे. एन्झाइमची क्रिया बघायची तर सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) किती उरला आणि प्रॉडक्ट किती झालं हे थेट वजनावरून मोजता येतं, रंग लागत नाही, जोडीचं एन्झाइम लागत नाही. पूर्वी एका नमुन्याला मिनिटं लागायची म्हणून स्क्रीनिंगला कोणी विचारायचं नाही. रॅपिडफायर या यंत्रणेने ते दहा सेकंदांच्या आसपास आणलं, आता ध्वनिलहरींनी थेंब उडवून थेट मास स्पेकमध्ये घालणारी यंत्रं आहेत, सायेक्सचं इको एमएस २०२० मध्ये आलं, सेकंदाला साधारण एक नमुना. १५३६ खळग्यांची प्लेट अर्ध्या तासात. त्यावेळी फ्लुओरेसन्सचा वेगाचा मुद्दा गळून पडतो.

शिवाय अ‍ॅफिनिटी सिलेक्शन, शेकडो रेणू एकत्र प्रोटीनबरोबर ठेवा, न चिकटलेले गाळून टाका, चिकटलेल्यांचं वजन करा आणि ओळखा. डीएनए एन्कोडेड लायब्ररीत रेणूला डीएनएचा बारकोड असतो, म्हणजे ते पण एक मोठं लेबलच की, तिथून आलेला प्रत्येक हिट डीएनए काढून परत बनवून तपासावा लागतो. अ‍ॅफिनिटी सिलेक्शनमध्ये ती कटकट नाही.

स्थिरांक

@वस्तुमान, मान्य. माझं विधान फार सरसकट झालं, एन्झाइमच्या स्क्रीनमध्ये मास स्पेक आत शिरलंय हे खरं आहे आणि मी ते बाइंडिंगच्या चष्म्यातून बघत होतो. बाइंडिंग सेन्सरपुरतं माझं म्हणणं कायम ठेवतो. एक मात्र विचारतो, तुमच्या यंत्राची किंमत आणि ते सांभाळणारा माणूस या दोन्ही गोष्टी मध्यम आकाराच्या कंपनीला झेपतात का? माझ्या बघण्यात तरी मोठ्या औषध कंपन्या आणि मोठे सीआरओ (दुसऱ्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या कंपन्या) सोडले तर हे फार जणांकडे नाही.

वस्तुमान

झेपत नाहीत, हे खरं. म्हणूनच मला वाटतं आमच्याकडची वाढ यंत्रविक्रीत कमी आणि सीआरओच्या सेवेत जास्त दिसेल. यंत्र एकाचं, प्रश्न पन्नास जणांचे.

नवखी

नमस्कार, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अलीकडेच एसपीआर शिकायला सुरुवात केली आहे, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक प्रश्न मनात सतत येतो. अल्फाफोल्ड (प्रोटीनचा आकार सांगणारं एआय) आलं, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं, आता तर कॉम्प्युटरवर अख्खं बाइंडर प्रोटीन डिझाइन करतात. मग आणखी पाच वर्षांनी प्रत्यक्ष मोजायची गरजच उरेल का? मी जे शिकतेय त्याला भविष्य आहे का असं सरळ विचारते.

स्थिरांक

@नवखी, आहे, आणि मी हे धीर द्यायला म्हणत नाहीये. २०२४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह बायोने ईजीएफआरला चिकटणारं प्रोटीन डिझाइन करायची खुली स्पर्धा घेतली, जगभरातून लोकांनी डिझाइन्स पाठवली, त्यातली शेकडो प्रत्यक्ष बनवून तपासली गेली. कशावर? बीएलआयवर. कॉम्प्युटरच्या अंदाजात वर असलेली कितीतरी डिझाइन्स चिकटलीच नाहीत, आणि कोण जिंकलं ते टिपवरच्या वक्राने ठरवलं. मॉडेलला स्वतःची चूक कळायला मोजलेला आकडा लागतो, आणि नुसते यशस्वी आकडे पुरत नाहीत, ‘हे चिकटलं नाही’ हे पण स्वच्छ मोजलेलं लागतं. आत्तापर्यंत सपाट रेषा आपण फेकून द्यायचो. आता त्या सपाट रेषांना किंमत आली आहे, बाजाराच्या दृष्टीने मला हा गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल वाटतो.

ताळेबंद

यावर जरा वेगळं मत. एआय सुधारलं तर एका प्रकल्पात तपासायची डिझाइन्स कमी होतील ना? आज शंभर तपासून पाच मिळत असतील, उद्या दहा तपासून पाच मिळाली तर चिप्सचा खप कमीच होणार. वाढीचं गणित मांडताना लोक फक्त पहिली बाजू धरतात.

मंद_विघटन

बरोबर शंका आहे. माझं उत्तर असं की प्रत्येक रेणूवर विचारले जाणारे प्रश्न वाढतायत. प्रोटॅकचं उदाहरण घ्या. आधी औषध आणि प्रोटीन एवढी एकच जोडी मोजायचो. प्रोटॅक हा दोन तोंडांचा रेणू, एका बाजूला ज्याचा नाश करायचा ते प्रोटीन आणि दुसऱ्या बाजूला ई३ लायगेज (प्रोटीनला नाशाची खूण लावणारं एन्झाइम), मग दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मोजा, तिघांचं कडबोळं मोजा, आणि ते किती वेळ टिकतं ते पण मोजा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या सिउली यांच्या गटाने २०१९ मध्ये व्हीएचएल हे असंच एक ई३ लायगेज चिपवर बांधून हे एसपीआरने करून दाखवलं. बायस्पेसिफिक अँटिबॉडीचं तेच, दोन हात, दोन टार्गेट, शिवाय एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीचं शेपूट धरणारं प्रोटीन). एका रेणूमागे सहा-सात मोजमापं सहज होतात.

आणि गुणवत्ता नियंत्रणाचा भाग कोणी बोललं नाही. बायोसिमिलर (अँटिबॉडीसारख्या औषधाची जवळपास तशीच प्रत) बनवायचं तर मूळ औषधाशी एफसी रिसेप्टरचं बाइंडिंग जुळतं हे दाखवावं लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी एसपीआरवर होतं. युएसपीमध्ये (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या ग्रंथात) एसपीआरसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, ११०५. एकदा एखादी पद्धत नियामकाकडे दिलेल्या कागदात गेली की ती बदलणं म्हणजे सगळं परत सिद्ध करणं. म्हणून तिथे बसलेलं यंत्र वर्षानुवर्षं हलत नाही आणि चिप्स जात राहतात, स्टार्टअप बुडाल्या तरी.

ताळेबंद

हे मात्र मी लक्षात घेतलं नव्हतं, आणि हाच सगळ्यात स्थिर पैसा दिसतो.

धोक्याची बाजू पण लिहितो. महामारीत लोकांनी गरजेपेक्षा जास्त माल भरला, मग २०२२-२३ मध्ये बायोटेकचा निधी आटला आणि साठा संपेपर्यंत कोणी नवी ऑर्डर देईना, सारटोरियसला २०२३ मध्ये स्वतःचे अंदाज खाली आणावे लागले. पैसे कमी झाले की सगळ्यात आधी यंत्रखरेदी पुढे ढकलली जाते, चिप्स नंतर. अमेरिकेचा २०२२ चा इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट पण धरा, त्यात लहान रेणूंच्या औषधांना वाटाघाटीतून ठरलेली किंमत लागू व्हायच्या आधी ९ वर्षं आणि बायोलॉजिक्सना (सजीव पेशींत बनवलेल्या औषधांना) १३ वर्षं मिळतात. पैसा बायोलॉजिक्सकडे सरकला तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे ऑक्टेट आणि ३८४ वाल्या चिपला फायदा, फ्रॅगमेंटवाल्यांना नाही.

स्थिरांक

फ्रॅगमेंटला इतक्यात निकालात काढू नका हो. व्हेम्युराफेनिब २०११, व्हेनेटोक्लॅक्स २०१६, सोटोरासिब आणि अ‍ॅसिमिनिब २०२१, ही औषधं आणि त्यांच्या मंजुरीची वर्षं, या सगळ्यांच्या मुळाशी कुठेतरी फ्रॅगमेंटचं काम आहे. तीनशे डाल्टनपेक्षा लहान रेणू, मिलिमोलरमध्ये कसंबसं चिकटणारा, तो पकडायला एनएमआर, क्रिस्टल नाहीतर एसपीआर. हे काम संख्येने लहान आहे पण त्याला पर्याय नाही.

मला खरी अडचण पैशाची वाटत नाही, माणसांची वाटते. सॉफ्टवेअर आता कुठल्याही वक्रावर रेषा बसवून चार दशांशापर्यंत आकडा देतं. चढण सरळ रेषेत गेली म्हणजे रेणू पृष्ठभागापर्यंत पोचायलाच वेळ लागतोय, चिकटण्याचा वेग आपण मोजतच नाही आहोत, हे ओळखणारा माणूस पाहिजे. पहिल्या चक्रात ५० आरयू आणि दहाव्या चक्रात ३५ म्हणजे धुताना प्रोटीन मरतंय, हे बघणारा पाहिजे. मी अशी ठिकाणं बघितली आहेत जिथे सगळ्यात महाग यंत्र धूळ खात पडलंय कारण ते चालवणारी एकच बाई होती आणि ती सोडून गेली. विक्रेत्यांनी यंत्राबरोबर चार दिवसांचं प्रशिक्षण देण्यापेक्षा वर्षभर माणूस घडवला तर त्यांच्याच चिप्स जास्त खपतील, हे मी त्यांच्या लोकांना तोंडावर सांगतो.

नवखी

स्थिरांक सर, हे वाचून आज परत लॅबमध्ये गेले आणि माझे मागच्या आठवड्याचे वक्र उघडले. माझा एक रेणू फार छान दिसत होता, चढण एकदम उभी, वर सपाट, बफर सुरू केला की क्षणात खाली, चौकोनी खोक्यासारखा आकार, सुमारे ९० आरयू. मी गाइडना दाखवणार होते. मंद_विघटन सरांचा हिशोब करून बघितला, माझं प्रोटीन ३२ हजार डाल्टन, चिपवर २४०० आरयू, रेणू ३१० डाल्टन. जास्तीत जास्त २३ यायला हवेत.

मंद_विघटन

शाब्बास. गाइडना दाखवण्याआधी दोन गोष्टी बघ. रेफरन्स चॅनेल वजा केलाय का, आणि त्या प्लेटमध्ये डीएमएसओ किती टक्के होतं विरुद्ध रनिंग बफरमध्ये किती.

नवखी

रेफरन्स वजा केलाय. डीएमएसओ प्लेटमध्ये ५ टक्के. बफर मी आदल्या दिवशी बनवला होता, त्यात ५ टक्के घातल्याचं वहीत आहे, पण बाटली रात्रभर उघडी होती. आणि सॉल्व्हंट करेक्शन केलं नव्हतं.

स्थिरांक

मग आधी ताजा बफर कर, नमुने त्याच बफरमध्ये पातळ कर, सॉल्व्हंट करेक्शनचे आठ बिंदू घाल आणि तोच रेणू सहा सांद्रतांना चालव, सगळ्यात कमीपासून. मध्ये मध्ये कोरी इंजेक्शनं विसरू नकोस. त्यानंतर पण खोकं ९० वरच राहिलं तर रेणू गोळा होऊन चिकटत असेल, मग थोडं ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घालून बघू. कच्च्या फाइल्स पाठव, दोन्ही चॅनेलच्या वेगवेगळ्या, वजा केलेल्या नकोत.

नवखी

उद्या सकाळी यंत्र मोकळं आहे, संध्याकाळपर्यंत इथेच टाकते.